लक्झरी गाडीची बॅटरी झोपली आणि डॅशबोर्डवर दिवाळी पेटली? पार्ट बदलायच्या आधी हे वाचा

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. ऑफिसात बसून काम करणारा माणूस आहे, पण मागच्या पावसाळ्यात पंधरा दिवस माझ्या गाडीने मला इलेक्ट्रिशियन करून सोडलं. २०१४ ची जर्मन डिझेल सेदान, सेकंड हँड घेतलेली. आईच्या ऑपरेशनसाठी पाच आठवडे रत्नागिरीला होतो आणि गाडी पुण्यात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी. परत येऊन रिमोट दाबला तर ढिम्म. शेजारच्या काकांच्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने वीज घेऊन जंप दिला, गाडी सुरू झाली, आणि डॅशबोर्डवर एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, पार्किंग ब्रेक, गिअरबॉक्स असे एकामागून एक अकरा वॉर्निंग आले. एका वर्कशॉपला नेली (नाव घेत नाही), त्यांनी स्कॅन केलं, सत्तावीस कोड (गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) निघाले, आणि दोन मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) गेलीत म्हणून एक लाख चाळीस हजारांचं एस्टिमेट हातात दिलं.

शेवटी खर्च काय आला? बॅटरीचे २४ हजार, आणि एक काडेपेटीएवढा डबा काढून टाकला त्याचे शून्य. दोन्ही मॉड्यूल आजही तीच आहेत.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी व्होल्टेज, मग कोड, मग पार्ट. बहुतेकांचे पैसे जातात ते हा क्रम उलटा केल्यामुळे.

असं का होतं तेही थोडं समजून घ्या. या गाड्यांमध्ये डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात, दाराचा वेगळा, सीटचा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा, आणि ते कॅन नावाच्या वायरिंगवरून सतत एकमेकांशी बोलत असतात. स्टार्टर फिरताना व्होल्टेज धाडकन खाली आलं की त्यातले काही क्षणभर गप्प होतात, मग बाकीचे लगेच नोंद करतात की अमका बोलत नाही, तमक्याचा सिग्नल आला नाही. लाईट गेल्यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे एकदम ओरडायला लागतात ना, तसंच. ओरडणारे चाळीस असले तरी बिघाड एकच असतो, आणि तो ओरडणाऱ्यांच्या घरात नसतोच.

काय काय जवळ ठेवायचं

- डिजिटल मल्टिमीटर, साधा चालेल, पण मिलिव्होल्टची रेंज हवी
- एजीएम (या गाड्यांत बहुधा असणारा सीलबंद बॅटरीचा प्रकार) मोड असलेला स्मार्ट चार्जर, ७ ते १० अँपचा
- जाड केबलचा जंपर सेट किंवा लिथियम जंप स्टार्टर
- १० नंबरचा आणि १३ नंबरचा पाना (टर्मिनलला आणि क्लँपला बहुतेक हेच लागतात)
- ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर कोड दाखवणारा) आणि तुमच्या ब्रँडचं ॲप
- टॉर्च, हातमोजे, लांब एक्स्टेन्शन बोर्ड
- कागदपत्रं: आरसी, इन्शुरन्स पॉलिसी (त्यात रोडसाइड असिस्टन्सचं ॲड-ऑन आहे का बघा, बऱ्याच जणांनी पैसे भरलेले असतात आणि त्यांना माहीतच नसतं), बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड, गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिचे कागद
- दुसरी किल्ली आणि गाडीचं मॅन्युअल. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं आणि गाडी उघडत नसते, म्हणून पीडीएफ मोबाइलमध्ये आत्ताच घेऊन ठेवा

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी त्यांनाही असते आणि तीही मरते, पण केशरी रंगाच्या जाड केबल दिसल्या की तिथे हात घालायचा नाही. तो हाय व्होल्टेजचा भाग, घरच्या माणसाचं काम नाही.

१. गाडी उघडा, पण घाईत काही बंद करू नका

रिमोट चालत नाही म्हणजे गाडी उघडणारच नाही असं नाही. स्मार्ट कीच्या पोटात एक पातळ धातूची किल्ली लपवलेली असते, बाजूचं छोटं बटण सरकवून बाहेर येते. ड्रायव्हरच्या हँडलला भोक दिसत असेल तर ठीक, नाहीतर टोकाला एक झाकण असतं, ते खालून हळूच उचकटावं लागतं. मी पहिल्यांदा त्यावर ओरखडा काढला, तुम्ही काढू नका.

आता मोठा घोळ. अनेक लक्झरी गाड्यांची बॅटरी बॉनेटखाली नसतेच. बीएमडब्ल्यू ५ सिरीज, ऑडी ए६ यांची डिकीत असते, पहिल्या पिढीच्या पोर्श कायेनची तर पुढच्या सीटखाली. आणि डिकी उघडते विजेवर! म्हणजे बॅटरी डिकीत, आणि डिकी उघडायला बॅटरी हवी. घाबरू नका, अशा गाड्यांना बॉनेटखाली जंपसाठी वेगळे पॉइंट दिलेले असतात, लाल झाकणाखाली प्लस आणि जवळच बॉडीला एक बोल्ट किंवा खुंटी, ती मायनस, म्हणजेच अर्थ पॉइंट. बॉनेटचा खटका केबलवर चालतो, त्याला वीज लागत नाही.

एकदा डिकी उघडली आणि बॅटरी काढायची असेल तर ती डिकी चुकूनही आपटून बंद होऊ देऊ नका. कूपे किंवा कन्व्हर्टिबल असेल, म्हणजे काचेला फ्रेम नसेल, तर दारसुद्धा जपून. त्या काचा दार उघडताना थोड्या खाली सरकतात, वीज नसली की सरकत नाहीत आणि जोरात ओढलं की काच किंवा रबर यातलं एक जातं.

गाडी ढकलायचा विचार सोडा. गिअर पी मध्ये इलेक्ट्रॉनिक लॉक, पार्किंग ब्रेकही इलेक्ट्रिक. हलवायचीच असेल तर फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा टो ट्रक) मागवा, आणि फोनवर दोनदा सांगा की फ्लॅटबेडच हवी, नाहीतर हूकवाला येतो, चाकं लॉक असताना ओढायला बघतो.

२. मल्टिमीटर लावा, अंदाजपंचे काही करू नका

गाडी बंद, काही तास उभी असलेली, मीटर डीसी व्होल्टवर. १२.६ ते १२.८ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. एजीएम बॅटरी भरलेली असेल तर थोडं जास्तच दाखवते. माझ्या मीटरवर ४.७ आले होते, मला वाटलं मीटर बिघडला, मग रिमोटच्या सेलवर लावून बघितला. मीटर बरोबर होता.

हा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, वेळेसकट. पुढे वर्कशॉपवाल्याशी बोलताना याचा फार उपयोग होतो.

३. जंप देताना

केबलचा क्रम सगळ्यांना माहीत असतो तरी लिहितो. आधी लाल तुमच्या गाडीच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक तुमच्या गाडीच्या बॉडीच्या अर्थ पॉइंटला. थेट मेलेल्या बॅटरीच्या मायनसवर नाही. काढताना बरोबर उलट. आणि सुरू करायच्या आधी चांगली गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून थांबा, लगेच स्टार्टर मारू नका.

यातले सापळे आपल्याकडचेच आहेत म्हणून नीट वाचा.

ट्रकवरून जंप घेऊ नका. हायवेला गाडी बंद पडली की कोणीतरी दादा मदतीला थांबतोच, मन चांगलं असतं, पण ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. ते २४ व्होल्ट तुमच्या मॉड्यूलमध्ये गेले की मग एस्टिमेटमधली मॉड्यूल खरोखरच जातात. दोनपैकी एकाच बॅटरीवरून देतो असं म्हणाला तरी, तुम्हाला वायरिंग कळत नसेल तर नको म्हणा.

प्लस-मायनस उलटं लावणं. एक सेकंद पुरतो. अंधारात, पावसात, चार लोक सल्ले देत असताना हे होतं. टॉर्च धरा आणि स्वतः बघा.

तिसरी गंमत म्हणजे जुन्या गॅरेजमधली ट्रिक, गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघायचं की अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज बनवणारा भाग) चालतोय का. जुन्या जीपला चाललं असेल. या गाडीत तसं केलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि कुठलंही मॉड्यूल मरू शकतं. माझ्या समोर एका भाऊंनी पाना हातात घेतला होता, मी अक्षरशः हात धरला. अल्टरनेटर तपासायचा तर गाडी चालू ठेवून मीटर लावा, १३.८ ते १४.७ च्या आसपास दिसलं की चाललाय. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर स्मार्ट असतो, गरजेप्रमाणे कमीजास्त करतो, म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नका, हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा बघा.

४. गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली नाही

इथेच बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो. गाडी सुरू झाली, कात्रजपर्यंत एक चक्कर मारून आलो, बंद केली, दुसऱ्या दिवशी परत ढिम्म. अल्टरनेटर हा बॅटरी टिकवायला असतो, पार रिकामी झालेली भरायला नाही. आणि जागेवर आयडलला गाडी पंधरा मिनिटं घरघर करत ठेवून तर डिझेलच जळतं.

चार्जर लावा. ९० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) रिकामी बॅटरी आणि ७ अँपचा चार्जर म्हणजे हिशोबाने तेरा तास, प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण शेवटी शेवटी चार्जर करंट कमी करतो. एक रात्र आणि वर थोडं, असं धरा. मोड एजीएमच ठेवा. काही चार्जरवर सल्फेशन काढायचा किंवा रिकंडिशनचा मोड असतो जो १५.५ च्या वर व्होल्ट देतो, तो एजीएमला आणि गाडीला जोडलेल्या बॅटरीला अजिबात लावू नका.

चार्जरचा मायनस चिमटा कुठे लावायचा यालाही महत्त्व आहे. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो आणि गाडीला सांगतो बॅटरी किती भरली. चिमटा थेट बॅटरीच्या खुंटीवर लावला तर करंट सेन्सरला वळसा घालून जातो, बॅटरी भरते पण गाडीला कळतच नाही. म्हणून बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा.

चार्जर बॅटरी ओळखतच नाही असंही होईल. व्होल्टेज फारच खाली गेलं असेल तर बरेच स्मार्ट चार्जर सुरूच होत नाहीत. मग जंपर लावून दुसरी १२ व्होल्टची बॅटरी थोडा वेळ समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडायची, व्होल्टेज वर आलं की चार्जर जागा होतो.

बेसमेंटमध्ये प्लग पॉइंट नसतो हा वेगळाच विषय. मी वॉचमनकाकांच्या केबिनमधून चाळीस फूट वायर ओढली, रात्री अकरा वाजता सेक्रेटरींचा फोन, कॉमन मीटरवर काय लावलंय म्हणून. ७ अँपचा चार्जर १२ व्होल्टला देतो म्हणजे जेमतेम शंभर वॅट, एका जुन्या बल्बएवढं, हे त्यांना समजावण्यात माझी झोप गेली. आधीच मेसेज टाकून ठेवा.

५. भरल्यावर गाडीला पुन्हा शिकवा

वीज गेली की गाडी काही गोष्टी विसरते. तो बिघाड नसतो, फक्त परत शिकवायचं असतं. चार्जर काढा, इग्निशन लावा आणि गाडी सुरू न करता अर्धा मिनिट थांबा. मग हे करा.

स्टिअरिंग: गाडी सुरू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग सरळ, आणि सरळ रस्त्यावर थोडं अंतर चालवा. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग अँगल यांचे दिवे बहुतेक वेळा इथेच जातात. माझे अकरापैकी चार इथे गेले, सोसायटीच्या गेटपासून पुढच्या सिग्नलपर्यंत.

काचा: एका टचने वर जात नसतील तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवा. प्रत्येक दाराला वेगवेगळं करावं लागतं. सनरूफचंही साधारण तसंच, पण तिथे बटण बराच वेळ धरावं लागतं आणि ते स्वतःच एक पूर्ण फेरी करतं. मधे बोट सोडलं की पहिल्यापासून.

पार्किंग ब्रेक: ब्रेकवर पाय ठेवून एकदा लावा, एकदा सोडा.

घड्याळ, तारीख, सीट मेमरी, जुन्या गाडीत रेडिओचा कोड, हे किरकोळ. तारीख मात्र खरंच लावा, नाहीतर सर्व्हिस रिमाइंडर चुकीचा येतो. आणि ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद असेल तर त्याच्यामागे लागू नका, बॅटरी भरली आहे याची खात्री पटेपर्यंत गाडी ते स्वतःच बंद ठेवते.

६. आता कोड वाचा, पण वाचायची पद्धत आहे

ओबीडी सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतं. पाचशे रुपयांचा निळा अडॅप्टर आणि फुकट ॲप फक्त इंजिनचे कोड दाखवतं, तुमचा प्रॉब्लेम असतो दाराच्या नाहीतर सीटच्या मॉड्यूलमध्ये. ब्रँडचं टूल लागतं. ऑडीसाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, बीएमडब्ल्यूसाठी बिमरलिंक चालतं. वर्कशॉपमध्ये बीएमडब्ल्यूला इस्टा आणि मर्सिडीजला झेंट्री असतं.

स्कॅन करताना चार्जर जोडलेलाच ठेवा. इग्निशन लावून गाडी उभी असली की ती भरपूर करंट पिते, वीस-पंचवीस मिनिटांत बॅटरी खाली येते आणि स्कॅन चालू असतानाच नवे कोड जन्माला येतात. माझं ते सत्तावीस कोडचं स्कॅन असंच झालं होतं, हे मला नंतर कळलं. चार्जर नाही, बॅटरी अर्धमेली, आणि पोरगा इग्निशन लावून चहा प्यायला गेला.

मग असं करा. सगळे कोड सेव्ह करा, स्क्रीनशॉट काढा. मग सगळे पुसा. गाडी बंद करा, लॉक करा, तासभर सोडून द्या. परत येऊन वीस-तीस किलोमीटर चालवा, मग पुन्हा स्कॅन. जे परत आले तेवढेच खरे. माझे सत्तावीसमधले दोन परत आले, दोन्ही एकाच गोष्टीबद्दल, गाडी बंद केल्यावरही पूर्ण झोपत नाही (स्लीप होत नाही), करंट जास्त जातोय.

प्रत्येक कोडसोबत बरेचदा फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे तो कोड आला तेव्हा किती किलोमीटर झाले होते, व्होल्टेज किती होतं. तिथे नऊ-दहा व्होल्ट दिसलं तर त्या कोडवर एक रुपयाही खर्च करू नका. यू अक्षराने सुरू होणारे कोड हे मॉड्यूलमधल्या संवादाचे, लो व्होल्टेजमध्ये ते ढिगाने येतात.

एक अपवाद, एअरबॅग. तो दिवा पुसल्यावरही परत आला तर स्वतः काही करू नका, सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला मीटर तर लावूच नका. तिथे माहितीतला माणूसच हवा.

७. बॅटरी ठेवायची की बदलायची

पूर्ण भरून रात्रभर सोडा आणि सकाळी मोजा. १२.४ च्या खाली आली असेल, किंवा स्टार्ट मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली पडत असेल, तर बॅटरी गेलीच समजा. दुकानात टेस्टरवर सीसीए (बॅटरीची थंडीत स्टार्ट द्यायची ताकद) मोजून कागद देतात, तो घ्या. पण भरलेल्या बॅटरीवर टेस्ट करा, रिकाम्यावर केली की कुठलीही बॅटरी नापास होते आणि दुकानदाराला तेच हवं असतं.

बदलताना एजीएम होती तर एजीएमच, जेवढे एएच होते तेवढेच. साधी बॅटरी निम्म्या किमतीत बसते, दुकानदार म्हणेल चालते साहेब सगळे लावतात. बसते खरी. पण गाडी तिला एजीएम समजून चार्ज करते आणि ती लवकर मरते, शिवाय डिकीत, म्हणजे माणसं बसतात त्याच हवेत. त्यावरून आठवलं, डिकीतल्या बॅटरीला एक बारीक नळी असते, वायू बाहेर सोडणारी. जुन्यावरून काढून नव्यावर लावली का ते स्वतः वाकून बघा. माझी दुकानातल्या पोराने तशीच लोंबकळत सोडली होती.

काढताना इग्निशन बंद करून दहा मिनिटं थांबा, आधी मायनस काढा, मग प्लस. लावताना आधी प्लस.

आणि रजिस्ट्रेशन. बीएमडब्ल्यू आणि ऑडीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये नवी बॅटरी बसवली हे गाडीला टूलने सांगावं लागतं, नाहीतर ती जुनी दमलेली बॅटरी समजूनच चार्ज करत राहते. पाच मिनिटांचं काम आहे, बॅटरी घ्यायच्या आधीच विचारा की रजिस्टर करून देणार का, आणि त्याचे वेगळे पैसे का हेही विचारा. मर्सिडीज असेल तर मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी सहायक बॅटरी अनेक मॉडेलमध्ये असते, तिचाही विचार करा, कारण कधीकधी वॉर्निंग तिचीच असते आणि लोक मोठी बदलून बसतात. जुन्या बॅटरीचे भंगारचे पैसे बिलातून वजा करून घ्या.

८. बॅटरी का मेली, ते शोधा

हे केलं नाही तर नवी बॅटरीही महिन्याभरात झोपेल. या पायरीला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि खरं सांगायचं तर मजाही इथेच आली.

गाडी पूर्ण झोपली की ती साधारण ५० मिलीअँपच्या आत करंट घ्यायला हवी. ५० मिलीअँप म्हणजे दिवसाला १.२ एएच, ९० एएचची बॅटरी अर्धी व्हायला महिना उलटतो. तेच १८० मिलीअँप असेल तर दिवसाला ४.३ एएच, तीन आठवड्यांत सगळी साफ. माझा आकडा १८० होता.

मोजायचं कसं. क्लँप मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा) डीसीचा हवा, घरच्या वायरमनकडचा बहुतेक फक्त एसी मोजतो, तो इथे शून्य दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. नाहीतर मल्टिमीटर १० अँपच्या सॉकेटवर ठेवून मायनस केबलच्या मधे सिरीजमध्ये लावायचा, पण मग स्टार्ट मारायचा नाही, दारं उघडझाप करायची नाहीत, मीटरचा फ्यूज उडतो. माझे दोन उडाले.

दार आणि डिकी उघडी ठेवून काम करायचं, पण गाडीला वाटलं पाहिजे की सगळं बंद आहे. लॉकच्या जिभेत स्क्रूड्रायव्हर घालून खट करून फिरवा, गाडी समजते बंद झालं. नंतर दार लावायच्या आधी हँडल ओढून ती जीभ परत मोकळी करायला विसरू नका, तशीच आपटली की लॉक वाकतं. किल्ली गाडीपासून लांब, घरातच ठेवा. आणि अर्धा ते एक तास थांबा. मॉड्यूल टप्प्याटप्प्याने झोपतात, पहिल्या पाच मिनिटांतला आकडा बघून घाबरू नका.

आता फ्यूज. लोक एकेक फ्यूज उपटून बघतात, पण फ्यूज उपटला की कुठलंतरी मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा तासभर थांबा. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे बिंदू असतात, त्यावर दोन्ही टोकं टेकवा. करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर थोडेसे मिलिव्होल्ट दिसतात. मी ग्लोव्ह बॉक्समागे टॉर्च तोंडात धरून शून्य, शून्य, शून्य करत जात होतो आणि एका १० अँपच्या फ्यूजवर ०.९ दिसलं. कव्हरवरचा तक्ता बघितला तर तो ओबीडी सॉकेटचा फ्यूज. तिथे तर काहीच लावलेलं नव्हतं!

पॅनेल काढलं. सॉकेटमागच्या लाल वायरवर जॉइंट मारलेला, वर काळी टेप, उन्हाने चिकट झालेली. तिच्यामागे पेडलच्या वर काडेपेटीएवढा काळा डबा आणि त्यात बारीक हिरवा दिवा लुकलुकतोय. जीपीएस ट्रॅकर. आधीच्या मालकाने बसवलेला असणार, विकताना काढायचा राहिला, की काढला नाही. बेसमेंटमध्ये रेंज नाही, म्हणून तो पाच आठवडे रात्रंदिवस सिग्नल शोधत बसला होता. सिम अजून चालू होतं की नाही देव जाणे, मी काढून कात्रीने कापलं. बायको म्हणाली म्हणजे आपण दोन वर्षं कुठे कुठे जातो ते कोणीतरी बघत होतं की काय. सेकंड हँड घेणाऱ्यांनी ओबीडीच्या मागे एकदा हात घालून बघाच.

बाकी नेहमीचे चोर: पार्किंग मोडवर लावलेला डॅशकॅम, ॲक्सेसरीवाल्याने कायम चालू वायरवरून घेतलेला ॲम्प्लिफायर, आणि डिकीचा किंवा ग्लोव्ह बॉक्सचा न विझणारा दिवा. दिवा विझतो का हे बघायचं असेल तर मोबाइलचं व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून फोन आत ठेवा आणि डिकी बंद करा. फक्त गाडीत करंट आहे आणि डिकी परत उघडणार आहे याची आधी खात्री करा, मी काय म्हणतोय ते कळलं असेल.

९. पाणी, उंदीर आणि अर्थिंग

सगळं करूनही एखादा दिवा येत-जात राहिला तर ही तीन ठिकाणं बघा. सनरूफला चार कोपऱ्यांत पाणी जायच्या नळ्या असतात, पानं-धूळ अडकली की पाणी आत उतरतं, पावसाळ्यात हमखास. डिकीचा गालिचा उचला, स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात हात फिरवा, कुबट वास येतो का बघा. तिथे मॉड्यूल असतील तर पाण्यात बसलेली असतात.

उंदीर. बॉनेट उघडून इंजिनवरच्या कव्हरखाली टॉर्च मारा, लेंड्या किंवा फोमचा चुरा दिसला तर वायरिंग हाताने चाचपत जा. उंदराने कुरतडलेल्या वायरिंगचा क्लेम करायचा असेल तर दुरुस्तीच्या आधी फोटो काढा आणि इन्शुरन्सला कळवा.

अर्थिंग: एकाला स्टार्ट मारायला सांगा आणि त्याच वेळी बॅटरीचा मायनस ते बॉडी असं मीटर लावा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर तिथला बोल्ट सैल आहे किंवा गंजलाय. काढा, पॉलिश पेपर मारा, घट्ट करा.

१०. वर्कशॉपला न्यायची वेळ आली तर

पुसल्यावर परत आलेले कोड, मोजलेले व्होल्टेज आणि स्लीपमधला करंट एका कागदावर लिहून न्या. विचारा की स्कॅन करताना सपोर्ट चार्जर लावणार का. मॉड्यूल बदलायचं म्हणाले तर त्या मॉड्यूलपर्यंत पॉवर, अर्थ आणि कॅन सिग्नल पोचतोय का हे मोजलं का ते विचारा, आणि मोजलेलं दाखवा म्हणा. माझा कागद बघून दुसऱ्या गॅरेजचे मेकॅनिक हसले, म्हणाले साहेब आता फक्त बॅटरी रजिस्टर करायची राहिली की. त्याचे त्यांनी पाचशे घेतले, ते २४ हजारांत धरलेले नाहीत.

आता कुठेही दोन आठवड्यांच्या वर जायचं असेल तर चार्जर मेंटेनन्स मोडवर लावून जातो. सेक्रेटरींना आधी मेसेज टाकतो.